मुंबईला लाखाचं स्टेडियम हवं का? आधी माणसं आणि पाणी बाहेर कसं काढणार ते बघा

तुम्ही नागपूरचे, जामठ्याला मॅच बघणारे. तुमचे प्रश्न तीन. मुंबईएवढ्या शहराचं वानखेडे जेमतेम ३३ हजारांचं कसं, जेव्हा जामठा ४५ हजारांचं आहे? वानखेडे आणि ब्रेबॉर्न अशी दोन स्टेडियम हाकेच्या अंतरावर कशाला बांधली? आणि मुंबईत मॅच बघायची तर कुठे? मैदानांची देखभाल आणि मॅचच्या दिवशीची व्यवस्था या दोन कामांतच माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

भांडण खुर्च्यांचं होतं, आणि ते स्वातंत्र्याच्याही आधीपासूनचं आहे. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली. समोर जार्डिनचा इंग्लंड संघ, आणि लाला अमरनाथांचं पदार्पणातलं शतक. पण ते पडलं जिमखान्याचं मैदान, प्रेक्षकांसाठी तात्पुरते स्टँड उभारून भागवलं. मग बॅक बेच्या भराव घातलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने, म्हणजे सीसीआयने, ब्रेबॉर्न बांधलं. उद्घाटन डिसेंबर १९३७. त्याच मोसमात तिथे पंचरंगी, म्हणजे धर्मावार पाच संघांचे, सामने भरले आणि पहिल्याच वर्षी हिंदू संघाने माघार घेतली. कारण? नव्या स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला जागा कमी दिल्या! म्हणजे इमारतीचा रंग वाळायच्या आत तिकीटवाटपावरून रुसवेफुगवे सुरू झाले होते.

पुढे १९४८ पासून १९७३ पर्यंत मुंबईच्या कसोट्या ब्रेबॉर्नवरच झाल्या. स्टेडियम सीसीआयचं, सामन्याचं यजमानपद बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचं. असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांना तिकिटं द्यायची, तर सीसीआयला आपल्या सभासदांना. दर कसोटीला तीच घासाघीस. अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियमचं मनावर घेतलं. ते तेव्हा विधानसभेचे अध्यक्षही होते, त्यामुळे हे नुसतं बोलणं राहिलं नाही. शशी प्रभू वास्तुरचनाकार होते, काम सुमारे तेरा महिन्यांत उरकलं आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला, पोलिसांनी त्याला धरून चोप दिला आणि स्टँडमध्ये दंगल पेटली. त्या दिवशी चहापानानंतर खेळच होऊ शकला नाही. नव्या स्टेडियमचा पहिला धडा फलंदाजीचा नव्हता, बंदोबस्ताचा होता, हे आमच्या धंद्यातले लोक विसरत नाहीत.

तर दोन स्टेडियम शेजारीशेजारी असण्यामागे नियोजन वगैरे काही नाही. भाऊ वेगळे झाले आणि दोघांनाही चर्चगेटच हवं होतं, एवढंच. ब्रेबॉर्नवर नंतर थेट डिसेंबर २००९ मध्ये कसोटी झाली, श्रीलंकेविरुद्ध, सेहवागच्या २९३ धावांची. म्हणजे ३६ वर्षांनी.

आता ३३ हजारांचं. वानखेडेची क्षमता पूर्वी ४५ हजारांच्या आसपास होती. २०११ च्या विश्वचषकासाठी ते पाडून-बांधून नवं केलं तेव्हा ती मुद्दाम उतरवली. बाकडी असतात तेव्हा माणूस सरकून बसतो, एका रांगेत नियमापेक्षा पाच-सात जास्त मावतात आणि कागदावर आकडा छान दिसतो. नंबर घातलेल्या खुर्च्या लावल्या, जिने रुंद केले, बाहेर पडायच्या वाटा वाढवल्या की आकडा आपोआप खाली येतो. वर ते पांढरं छत आलं, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात माणूस दुपारची मॅच निदान बसून बघू शकतो. पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमला बहुतेक स्टँड उघडे आहेत. तिथे दुपारी बसून बघा म्हणजे १२ हजार खुर्च्या गमावून वानखेडेने काय कमावलं ते कळेल.

आणि सामान्य माणसाला तिकीट न मिळण्याचं कारण क्षमता हे नाहीच. २०११ च्या अंतिम सामन्याला ३३ हजारांपैकी सर्वसामान्यांसाठी विक्रीला निघाली होती सुमारे ४ हजार तिकिटं. बाकीची क्लब, प्रायोजक, आयसीसी, मानकरी यांच्यात गेली. स्टेडियम ६० हजारांचं असतं तर मानकऱ्यांची यादी तेवढीच लांबली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भांडण १९३७ चंच आहे, फक्त पंगतीला बसणारे बदलले.

आता ज्याकडे प्रेक्षक कधी बघत नाही आणि आमचं मात्र पोट ज्यावर चालतं, ते सांगतो: माणसं बाहेर कशी पडतात. ३३ हजार लोक आत यायला तीन तास घेतात, पण शेवटचा चेंडू पडला की सगळ्यांना वीस मिनिटांत रस्त्यावर यायचं असतं. वानखेडेच्या एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला राहत्या इमारती, आणि बाहेर डी रोडसारखे चिंचोळे रस्ते. मग हे चालतं कसं? चर्चगेट आणि मरीन लाइन्स ही दोन स्टेशनं पायी अंतरावर आहेत म्हणून. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये ठासून चार हजारांवर माणसं जातात. सात-आठ गाड्या सुटल्या की अख्खं वानखेडे रिकामं. आता चर्चगेटला भुयारी मेट्रोही आली. मॅच साडेअकराला संपली तरी विरार-बोरिवलीचा माणूस घरी पोचतो, कारण शेवटची लोकल एकच्या सुमारास आहे. अहमदाबादला १ लाख ३२ हजार लोक बसतात, ठीक आहे. पण त्या स्टेडियमला भोवताली जी मोकळी जमीन आहे ती चर्चगेटला कुठून आणणार? तिथे तेवढे लोक एकदम सोडले तर ते उभे कुठे राहतील, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि पोलिसांकडेही नसेल.

४ जुलै २०२४ आठवा. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेला संघ उघड्या बसमधून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासून वानखेडेला निघाला होता आणि स्टेडियममध्ये प्रवेश फुकट होता. मरीन ड्राइव्हवर मुंगीला जागा नव्हती. गर्दी पांगल्यावर रस्त्यावर चपलांचे ढीग राहिले, काहींना गुदमरल्यामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. त्या रात्री मोठं काही झालं नाही, यात नशिबाचा वाटा होता असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्याच वर्षी, ४ जून २०२५ ला, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून गेले. माणसं मेली ती दाराबाहेर. स्टेडियमची क्षमता मोजताना आपण आतल्या खुर्च्या मोजतो, धोका मात्र बाहेरच्या फुटपाथवर असतो. फुकट प्रवेश जाहीर करणारा कोणीही फुटपाथची रुंदी विचारत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत. चर्चगेटचा पट्टा समुद्राला चिकटलेला, बराचसा भराव टाकून मिळवलेला, सखल. मैदानाखाली वाळूचा थर आणि छिद्रांच्या नळ्या कितीही उत्तम टाका, ते पाणी शेवटी शहराच्या पावसाळी नाल्यात जातं आणि नाल्याचं तोंड समुद्रात. मोठ्या भरतीला समुद्र त्या तोंडावर चढतो आणि पाणी जागचं हलत नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या मैदानाच्या माणसाला हवामान खात्याच्या अंदाजाइतकंच भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं लागतं. पाऊस चारला थांबला आणि भरती पाचला असेल, तर पंपांवर भिस्त. पाऊस ओहोटीला पडला तर तेच मैदान तासाभरात कोरडं होतं. नागपूरला ही भानगड नाही, म्हणून सांगितलं.

कव्हर काढणं टीव्हीवर फार सोपं दिसतं. प्रत्यक्षात पाऊस थांबल्यावर कव्हरवर पाण्याचं तळं असतं आणि त्याखाली कोरडी विकेट, म्हणजे खेळपट्टी. घाईने एका बाजूने उचललं की सगळं पाणी स्क्वेअरवर, म्हणजे मधल्या खेळपट्ट्यांच्या पट्ट्यावर, नेमकं जिथे नको तिथे. आधी सुपर सॉपर, म्हणजे पाणी शोषणारा रोलर, वरून फिरवायचा, मग एका कडेची पोरं एका दमात उचलून पाणी उताराच्या बाजूला सरकवत न्यायची आणि सीमारेषेजवळ सोडायचं. घडी घालायची ती कोरडी बाजू आत ठेवून. वीस-पंचवीस जणांनी एका आवाजावर चालावं लागतं. एकाचा पाय घसरला की बादल्या आणि स्पंज घेऊन तासभर बसा. त्यानंतर अंपायर येतात आणि बुटाच्या टाचेने आउटफिल्ड दाबून बघतात. टाचेच्या खळग्यात पाणी वर आलं तर थांबायचं. सगळ्या तंत्रज्ञानानंतरही निर्णय अजून टाचेवरच होतो.

म्हणूनच २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटीलवर जे झालं त्याचं मला जास्त कौतुक. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, अवकाळी पावसामुळे सुरुवात दोन तास लांबली, आणि तरीही एक षटकसुद्धा कमी न करता पूर्ण ५०-५० षटकांचा सामना झाला. भारताने २९८ केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. शेफालीच्या ८७ आणि दीप्तीच्या पाच विकेट सगळ्यांना आठवतात, त्या दोन तासांत धावणाऱ्या ग्राउंड्समनची नावं कुठे आली नाहीत. अर्थात आठवडाभर आधी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्धचा सामना पावसाने धुऊन नेला होता. निचरा कितीही चांगला असला तरी पाऊस थांबायला तर हवा. आणि एक आठवण करून देतो: २०१३ च्या महिला विश्वचषकाचे सामने वानखेडेवरून हलवून ब्रेबॉर्न वगैरेकडे नेले होते, कारण वानखेडेवर रणजीची फायनल होती. बारा वर्षांत एवढा फरक पडला.

डी. वाय. पाटील २००८ चं, हफीझ कॉन्ट्रॅक्टरांचं डिझाइन. कागदावर ५५ हजार, प्रत्यक्ष सामन्याला त्याहून कमी. मधे एकही खांब येत नाही, त्यामुळे कुठूनही सगळी सीमारेषा दिसते. माझ्या मते प्रेक्षक म्हणून बसायला हे मुंबई परिसरातलं सर्वांत चांगलं स्टेडियम आहे, आणि हे मी जन्माने वानखेडेवाला असून म्हणतो. पहिल्या आयपीएलची फायनल इथेच झाली, २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचे सामनेही झाले. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हा सायन-पनवेल महामार्गाचं काय होणार याचीच नवी मुंबईकरांना जास्त काळजी होती.

अशा कार्यक्रमांवर क्रिकेटवाले नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. वर्षात पंधरा-वीस दिवस मॅच असणारं स्टेडियम उरलेले दिवस काय खाऊन जगणार? फक्त गवताची किंमत धरून हिशेब करा. गाण्याच्या कार्यक्रमाला गवतावर प्लास्टिकच्या जाड फरश्या अंथरतात. चौथ्या दिवशी फरशी उचलली की खालून गरम वाफ आणि सडल्यासारखा वास येतो, पाती पिवळी पडलेली असतात. तेव्हा पात्याकडे बघायचं नाही. बोटाने मुळाशी चाचपायचं. बुडखा पांढरा आणि टणक लागला तर बर्म्युडा गवत पाणी-खत आणि ऊन मिळाल्यावर दोन-तीन आठवड्यांत उठून येतं. बोटाला मऊ, तपकिरी लागलं तर तो तुकडा काढून नवा लावण्यावाचून इलाज नाही. स्टेजच्या खालचा भाग बहुधा बदलावाच लागतो.

२०२२ ची आयपीएलही उदाहरण म्हणून घ्या. साथीच्या काळात प्रवास टाळायचा म्हणून साखळीतले सगळे ७० सामने वानखेडे, ब्रेबॉर्न, डी. वाय. पाटील आणि गहुंजे इथे खेळवले. त्यांतले ५५ मुंबई-नवी मुंबईत. भारतातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराला हे जमलं नसतं. म्हणजे शहराकडे मोठी स्टेडियम कमी आहेत हा समज मुळात तपासून घ्यायला हवा.

कमी काय आहे ते सांगतो. पाच-आठ हजार माणसं बसतील अशी उपनगरातली मैदानं. मुंबईची बहुसंख्य वस्ती वांद्र्याच्या वर आणि पलीकडे ठाणे-कल्याणला, आणि कसोटी खेळायच्या जागा सगळ्या शहराच्या दक्षिण टोकाला. फुटबॉलसाठी अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातलं मैदान आहे, तिथे मुंबई सिटीचे सामने होतात, क्षमता सात हजारांच्याही आत. तेवढीच पुरते, आणि भरते. कूपरेजही लहान. वरळीचा एनएससीआय डोम १९५७ चा. प्रो कबड्डीचा पहिला सामना जुलै २०१४ मध्ये तिथेच झाला आणि २०१९ मध्ये एनबीएचे दोन संघही तिथे खेळून गेले. लालबाग-परळच्या मातीत कबड्डी वाढली, तिला चांगलं छप्पर मिळालं वरळीत, आणि तेही मोसमापुरतं. चर्चगेटचं हॉकी स्टेडियम १९८२ च्या विश्वचषकाचं यजमान. आज शेजारच्या वानखेडेला जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं कोण जाणे.

पण मुंबईचं खरं स्टेडियम विचाराल तर मी आझाद मैदान दाखवीन. २५ एकरांत २२ खेळपट्ट्या. एका मॅचचा पॉइंट दुसऱ्या मॅचच्या स्क्वेअर लेगला पाठ लावून उभा, मधून पायवाट, तिच्यावरून ऑफिसला निघालेली माणसं. इथे खेळलेल्या पोराला चेंडू ओळखायला आधी आपला कोणता ते ओळखावं लागतं. फेब्रुवारी १९८८ ची सचिन-कांबळीची ६६४ ची भागी इथली, पृथ्वी शॉच्या २०१३ मधल्या ५४६ धावाही इथल्याच. आणि कांगा लीग: १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी स्पर्धा. विकेट ओली, गवत घोट्याएवढं, चेंडू जमिनीवरून सीमारेषेपर्यंत जातच नाही. धावा हव्यात तर उचलून मारा किंवा पळा. भल्याभल्या फलंदाजांची इथे दांडी गुल होते. मुंबईने ४२ वेळा रणजी जिंकली ती अशा मैदानांवर, ३३ हजार खुर्च्यांवर नव्हे. (२०२५ ची उपांत्य फेरी तुम्ही जामठ्यावर जिंकलीत, ते लक्षात आहे. डिवचू नका.)

या मैदानांची दुखणी मात्र कोणी ऐकत नाही. शिवाजी पार्क घ्या: १९२५ पासून लोकांसाठी खुलं, सुमारे २८ एकर, क्रिकेटची नेट्स, समर्थ व्यायाम मंदिर, जिथे २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मधे तांबडी माती इतकी उडायची की भोवतालच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. त्यावर उपाय साधा आहे, गवत लावा आणि रोज पाणी मारा. पण रोज म्हणजे रोज, आणि तिथेच गाडी अडते. सभा, मेळावे, मांडव झाले की खड्डे कोणी बुजवायचे हे ठरलेलं नसतं. मांडवाच्या खांबाचा खड्डा वरवर मुरूम टाकून भरला तर दोन महिन्यांनी तिथे कोणाचा तरी घोटा मुरगळतो. एका मैदानावर मी हे मोसमामागून मोसम पाहिलं. परवानगीच्या अर्जात ‘मैदान पूर्ववत करून देऊ’ असं लिहिलेलं होतं, ते तपासायला मात्र कोणी आलं नाही.

सध्या ठाणे जिल्ह्यात आमणे इथे, समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी, लाख प्रेक्षकांच्या स्टेडियमची चर्चा आहे. व्हायला हरकत नाही. पण तुम्ही जामठ्याचे, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको: शहराबाहेर हमरस्त्यावर स्टेडियम बांधलं की टी-ट्वेंटीला वर्धा रोड तुंबतो आणि कसोटीला स्टँड ओस पडतात. आमण्याला रेल्वे किंवा मेट्रो दारात गेली तर मी पहिला टाळ्या वाजवीन. आठ पदरी रस्ता हे त्याचं उत्तर नाही. लाख माणसं गाड्यांतून येणार म्हणजे वीस-पंचवीस हजार गाड्या, आणि त्या एकाच वेळी बाहेर निघणार.

राहिला मॅच कुठे बघायची हा प्रश्न. आवाज अनुभवायचा असेल तर वानखेडे, नॉर्थ स्टँड. तिथे बसायला मिळेल याची खात्री नाही, बहुधा उभंच राहावं लागेल. तिकीट ऑनलाइन खिडकी उघडताच घ्या, क्लबवाल्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर राहू नका, त्याच्या मागे त्याचे मेहुणे असतात. ब्रेबॉर्नला सामना असेल, विशेषतः महिला प्रीमियर लीगचा, तर जरूर जा. वीस हजारांचं आटोपशीर मैदान, खेळाडू जवळून दिसतात, जुना पॅव्हिलियन बघण्यासारखा. कुटुंबाला घेऊन येणार असाल तर डी. वाय. पाटील. सीएसएमटीहून हार्बरने नेरूळला उतरा, परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, आणि शेवटचं षटक संपेपर्यंत थांबणार असाल तर सामन्यानंतर लगेच निघू नका. अर्धा तास जागेवर बसा. आम्ही पहिला लोंढा स्टेशनच्या दिशेने सोडतो. तो ओसरला की तुम्हाला पाय मोकळे करत चालत जाता येईल.